नुसतं ‘हं’

त्या आठवड्यात आमच्या अंधेरीच्या ऑफिसात रोज साडेअकराला वाट लागायची. एका पॅथॉलॉजी लॅबचे रिपोर्ट आमच्या सर्व्हरवरून पेशंटच्या मोबाइलवर जायचे, आणि साडेअकरा वाजले की सर्व्हर नव्या कोणाला आत घेईना. मग कांदिवलीच्या सेंटरचा फोन, घाटकोपरच्या सेंटरचा फोन, "मॅडम, पेशंट समोर उभा आहे ना." मी सर्व्हर बंद करून परत चालू करायची. तेवढ्यावर दिवस निघायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

वीस वर्षं मी हेच करतेय. सुरुवातीला हौस होती, खोटं कशाला बोलू. आता सर्व्हर गप बसला की मला बरं वाटतं, एवढंच उरलंय.

त्यात बाबांचं ऑपरेशन. बाबा दहिसरला चाळीत एकटे राहतात. गिरणी गेली, मग वॉचमनकी केली, मग आई गेली, आणि आता डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय. तारीख दोनदा पुढे ढकलली होती, दोन्ही वेळा माझ्या ऑफिसमुळे. आता शुक्रवार ठरला होता. या खेपेला मी स्वतः नेणार, असं मी त्यांना देवासमोर उभं राहून सांगितलं होतं. मॅनेजर माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पण बोलायला पक्का. म्हणाला, "मॅडम, हे सुटलं की शुक्रवार तुमचा. नाही सुटलं तर साडेअकराला रीस्टार्ट कोण मारणार, तुम्हीच सांगा." मी काय सांगणार, कपाळ माझं.

रोग दिसत होता. सर्व्हर बाहेरच्या एका मेसेजवाल्या कंपनीशी बोलायचा, रिपोर्ट तयार झाल्याचा मेसेज पाठवायला. ते बोलणं झालं की कनेक्शनं बंद व्हायला हवीत, तर ती बंदच होत नव्हती. सकाळी दहाला शेकड्यांनी, अकराला हजारांनी. मशीनमध्ये जागा ठरलेली असते, ती भरली की संपलं.

सोमवारी ठरलं, जागा वाढवा. वाढवली. मंगळवारी साडेअकराऐवजी एक वाजता कोसळला, आणि मॅनेजरला त्यातही प्रगती दिसली. मग नेटवर्कवाल्यांना पकडलं. ते म्हणाले, आमच्याकडून क्लिअर आहे. ते नेहमी हेच म्हणतात, त्यांच्या वायरीला आग लागली तरी हेच म्हणतील. मग कोणीतरी म्हणालं, रोज अकराला आपोआप रीस्टार्ट लावून टाकू. रोग म्हशीला आणि औषध पखालीला. मी भडकलेच. म्हटलं, अकराला नेमका ज्याचा रिपोर्ट निघतोय त्याने काय करायचं, ते पण लिहून द्या. बुधवारी वाढवलेली जागाही पुरली नाही, पुन्हा साडेअकरालाच आडवा.

आणि बाबांचा फोनही साडेअकरालाच. सकाळची पेज जेवले, पेपर चाळून झाला, की फोन. काय जेवलो, नळाला पाणी किती आलं, शेजारच्या काकूंनी कसली भाजी दिली. मी फोन खांद्यावर दाबून धरायची, डोळे स्क्रीनवर, आणि तोंडाने हं, हं. शेवटी ते त्यांच्या मालवणीत विचारणार, "ठेवू मा?", म्हणजे ठेवू ना. मी "ठेवा" म्हटल्याशिवाय त्यांनी आजवर फोन ठेवलेला नाही. आपण मधेच कट करणं त्यांना बरं वाटत नाही. कितीदा तरी मी ठेवा म्हणायचंच विसरले आणि मोबाइल टेबलावर उपडा टाकला. नंतर बघावं तर कॉल चालूच, पलीकडे ते आपले गप बसलेले.

बुधवारी ते बराच वेळ बोलत होते. मी सर्व्हर उठवत होते, दुसऱ्या हाताने लॅबवाल्यांना उत्तर लिहीत होते. हं, हं, हं चाललं होतं. त्या दिवशी "ठेवू मा" ऐकलेलं मला आठवत नाही.

गुरुवारी साडेअकराला बाबांचा फोन आला नाही. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. सर्व्हर उठवून झाल्यावर तेवढी अर्धा तास शांतता मिळाली, आणि त्या अर्ध्या तासातच मला ते सापडलं.

न मिटलेल्या कनेक्शनांचे मोबाइल नंबर मी एकाखाली एक काढले. सगळीकडे एकच नंबर, दहा वेळा नऊ. मी कांदिवलीच्या काउंटरवर फोन लावला. तिथली मुलगी सरळ म्हणाली, "मॅडम, म्हातारी माणसं येतात, मोबाइल नसतो, नाहीतर नंबर पाठ नसतो. आणि नंबर टाकल्याशिवाय फॉर्म पुढे जातच नाही. मग आम्ही नऊ-नऊ-नऊ टाकतो. सगळेच टाकतात."

तर असं. मेसेजवाली कंपनी म्हणायची, हा नंबर खोटा आहे, आणि तिच्या बाजूने कनेक्शन बंद करायची. आमचा प्रोग्राम ‘खोटा’ एवढं ऐकून पुढच्या पेशंटकडे पळायचा. आमच्या बाजूने बंद करायची ओळ होती, पण मेसेज गेला तरच प्रोग्राम तिथे पोचायचा. हा भाग मुलुंडहून येणाऱ्या माझ्या मैत्रिणीने तीन वर्षांपूर्वी लिहिला होता. तिने बघितलं आणि डोक्याला हात लावला. "मीच गं. माझीच अक्कल." मी म्हटलं, "राहू दे, माझ्या हातून पण हेच झालं असतं." ओळ दोघींनी मिळून हलवली, तपासली, तीन वाजता सर्व्हरवर चढवली. आकडा उतरला आणि परत वर आला नाही.

मॅनेजरला नीट समजावून हवं होतं, त्याला वर कळवायचं होतं. मी सांगितलं, "समोरचा म्हणाला, माझं झालं, ठेवतो. आपली मशीन म्हणाली, हं. पण ते हं मशीन सवयीने म्हणते, प्रोग्राम ऐकत असो नाहीतर नसो. ‘ठेव’ प्रोग्रामने म्हणायचं असतं. त्याने ते म्हटलं नाही, म्हणून सगळं अडकून बसलं."

"म्हणजे त्या हंला काही किंमतच नाही?"

"समोरच्याला वाटतं की आहे," मी म्हटलं. "आपल्याकडे कोणी ऐकलेलं नसतं."

शुक्रवारची रजा तिथल्या तिथे मंजूर झाली. मी चारलाच निघाले. बाबांना फोन नाही केला, म्हटलं समोर जाऊनच सांगू. नाक्यावर त्यांना आवडतं म्हणून मालवणी खाजं घेतलं. कंटाळा अंगात मुरलेला होता, तरी मन हलकं होतं.

दार उघडंच होतं. बाबा खाटेवर काळा चष्मा लावून बसले होते आणि शेजारच्या काकू औषधाच्या बाटलीवरचं नाव उजेडात धरून वाचत होत्या. मी म्हटलं, "उद्या ना ऑपरेशन?"

"झाला मगे," बाबा म्हणाले. "डॉक्टर उद्या नाय म्हणान आजच बोलावल्यानी. काल सांगितलंय मा तुका. काकूबरोबर जातंय, चलात मा, असा विचारलंय. तू हं म्हटलंस."

आवाजात राग नव्हता. रागावले असते तर मी पण काहीतरी उलट बोलले असते आणि सुटले असते. काकू चहा ठेवायला त्यांच्या घरात गेल्या. जाताना हॉस्पिटलचे कागद माझ्या हातात देत म्हणाल्या, "हे ठेव गं तुझ्याकडे, सांभाळून. बाबांनी मोबाइल घरीच ठेवला होता, आणि तुझा नंबर काही मला पाठ नाही. तेच म्हणाले, ती कामात असते, तिला कशाला त्रास. तिथल्या मुलीने मग काय ते भरून घेतलं."

मी वरचा कागद बघितला. बाबांचं नाव, वय, डावा डोळा. खाली नातेवाईक म्हणून ‘मुलगी’, आणि पुढे मोबाइलच्या रकान्यात दहा वेळा नऊ.

मला लाज वाटली.

"काय लिवलाहा गो तेच्यात?" बाबांनी विचारलं. चष्म्याआडून त्यांना कागद नुसता पांढरा दिसत असणार.

"काही नाही," मी म्हटलं. "थेंब कधी घालायचे ते लिहिलंय."

"हं," बाबा म्हणाले.