बांधून ठेवा, असं आम्ही सांगितलं

उत्तरेकडच्या एका खोऱ्यात माझं पोस्टिंग झालं तेव्हा मी हवालदार होतो. खोऱ्याचं नाव इथं लिहीत नाही. ते लिहिलं तर काही माणसांची नावंही लिहावी लागतील, आणि ती माणसं अजून मानानं जगत आहेत.

आमची व्हेटरनरी डिटॅचमेंट लहान होती. खेचरांची लाइन, गस्तीचे दोन कुत्रे, औषधांची पत्र्याची पेटी, मी आणि लान्स नायक काशिनाथ बिरादार. मी नांदेड जिल्ह्यातला, भोकरचा. तो देवणीचा. त्याच्या घरी पिढ्यान्पिढ्या देवणी गाई होत्या आणि त्याच्या बोलण्यात दर तिसऱ्या वाक्याला त्यांचा विषय निघायचा. पोस्टवर मराठी बोलणारा तिसरा एकच होता, साताऱ्याकडचा एक शिपाई. आमचं बोलणं ऐकून तो एकदा म्हणाला, "ही कुठली मराठी रं तुमची?"

"निजामाची हाय," काशिनाथ म्हणाला. "तुला न्हाई कळायची. तू चहा कर."

मला तो ड्यूटीवर उस्ताद म्हणायचा. संध्याकाळी मी कंदिलापाशी वाचत बसलो की समोर उकिडवा बसून विचारायचा, "काय वाचायलाव, भाऊ? जनावरं हायत का त्यात?" नाहीत म्हटलं की उठून खेचरांकडे जायचा.

दिनक्रम साधा होता. पहाटे खेचरांना खरारा, खुरांची तपासणी, पाणी, दाणा. नंतर आजारी जनावरांची परेड. पोस्ट उंचावर एका सपाटीवर होती. गाव खाली, नदीच्या काठाला. गाडीरस्ता वळणं घेत जायचा, पायवाट सरळ उतरायची. पोस्टवरून गावातली छपरं दिसायची आणि वारा खालून असला तर कुत्र्यांचं भुंकणंही ऐकू यायचं.

रविवारी आम्ही औषधाची पेटी घेऊन गावात उतरत असू. मेजरसाहेबांची त्याला परवानगी होती. लोक शेळ्या आणायचे, याक आणि गाईच्या संकराचे ते केसाळ बैल आणायचे, तट्टं आणायचे. कुत्रेही आणायचे. मानेत पट्टा रुतलेले, हिमानं कान झडलेले. थंडी सुरू झाली की रस्त्याच्या कामावरचे मजूर खाली निघून जायचे आणि त्यांनी पाळलेली पिल्लं बराकींच्या जागी तशीच मागं राहायची. काशिनाथ ती गोळा करायचा. ग्रेटकोटच्या आत दोन-दोन पिल्लं घालून घरोघर फिरायचा आणि गळ्यात मारायचा. बायका त्याला हसायच्या. एका म्हातारीला सगळं गाव आमा म्हणायचं, म्हणजे आई. तिनं एक काळं पिल्लू घेतलं आणि त्याबद्दल काशिनाथला वर्षभर शिव्या दिल्या, कारण ते तिचं लोणी खायचं. शिव्या देताना ती त्याच्या हातात गरम चहा ठेवायची.

त्या वर्षी तो रजेवरून परत आला तेव्हा त्याचं तोंड उतरलेलं होतं. मराठवाड्यात पाऊस नव्हता. त्याच सुमारास उस्मानाबादचा तुकडा पडून लातूर जिल्हा नवा झाला होता.

"गावाला जिल्हा नवा भेटला, उस्ताद," तो म्हणाला. "पाणी जुनंच. म्हंजे न्हाईच."

मग त्यानं त्याच्या लहानपणच्या मोठ्या दुष्काळातली गोष्ट सांगितली. लोक गाव सोडून खडी फोडायला चालले होते. निघायच्या सकाळी त्याच्या वडिलांनी, आप्पांनी, गाईच्या कपाळाला हळद-कुंकू लावलं, पायाला हात लावला आणि दावं सोडलं. दावं बरोबर घेतलं नाही. खुंट्यालाच राहू दिलं. आजूबाजूच्या प्रत्येक घरात तेच चाललं होतं. गाई थोडा वेळ मागं आल्या आणि थांबल्या.

"सोडल्यालं जनावर मेलं तर दुष्काळानं मेलं," काशिनाथ म्हणाला. "बांधल्यालं मेलं असतं तर आप्पानं मारलं असतं. आमच्यात एवढंच बघतेत. घर सोडताना दावं सोडलं का न्हाई."

पुढच्या उन्हाळ्यात गावाच्या वरच्या अंगाला डोंगराचा कडा नदीत कोसळला. पाणी अडलं. मागं तळं वाढू लागलं. बांध मातीचा आणि दगडांचा, केव्हाही फुटेल अशी खबर आली. दुसऱ्या दिवशी सकाळी गाव रिकामं करण्याचा हुकूम निघाला. गाड्या नागरी खात्याच्या होत्या. त्यांचे एक बडे साहेब जीपमधून आले. कोट, मफलर, हातात छडी. ते मेजरसाहेबांशी बोलत होते तेव्हा मी तीन पावलांवर उभा होतो, म्हणून मी ऐकलं ते ऐकीव नाही.

साहेब म्हणाले, रस्ता एकेरी आहे, मोकळी जनावरं रस्त्यावर आली तर गाड्या अडकतील. सगळी जनावरं घरात बांधून ठेवायची. आधी माणसं. दुपारी दुसरा कॉन्व्हॉय जनावरांसाठी येईल.

काशिनाथ माझ्या कानाशी म्हणाला, "उस्ताद, सोडून द्या म्हणावं. आपसूक वर चढतेल."

मी मेजरसाहेबांना तसं सांगितलं. मेजरसाहेबांनी साहेबांना विचारलं. साहेब हसले. "दुपारी गाड्या येतायत. मी शब्द देतोय ना?"

गावानं साहेबांचं ऐकलं नाही. गावाला साहेब ठाऊकच नव्हते. लोक जनावरं सोडायला लागले होते. तेव्हा साहेबांनी विचारलं, यांचं ऐकणारं कुणी आहे का? मेजरसाहेबांनी आमच्याकडे पाहिलं.

आम्ही घरोघर गेलो. मी वरची गल्ली घेतली, काशिनाथनं खालची. मोडक्या हिंदीत एकच वाक्य. बांध के रखो, दोपहर को गाडी आएगी. ज्यांच्या शेळीचं बाळंतपण आम्ही केलं होतं, ज्यांच्या तट्टाच्या खुराला पट्टी बांधली होती, त्यांनी आमच्या तोंडाकडे बघितलं आणि सोडलेली जनावरं परत आत घेऊन बांधली. त्या गावात तीन वर्षं जमवलेला विश्वास आम्ही तासाभरात त्या साहेबाच्या शब्दाला तारण दिला.

माणसं दुपारच्या आत वर आली. पोस्टच्या सपाटीवर तंबू लावले. मेजरसाहेब बांधाकडे गेले. दुपार झाली, कॉन्व्हॉय आला नाही. खालून जनावरांचा ओरडा यायला लागला. सकाळपासून पाणी नव्हतं त्यांना.

आमा उठून काशिनाथपाशी आली. आज तिच्या तोंडात शिवी नव्हती.

"तुम बोला," ती म्हणाली. "तुम बोला, इसलिए बांधा."

काशिनाथ माझ्याकडे आला. "उस्ताद, दुर्बीण द्या."

समोरच्या वळणावरून गाड्या जात होत्या. आमच्याकडे येत नव्हत्या, खाली जात होत्या. त्यानं पाहिलं आणि दुर्बीण माझ्या हातात दिली. पहिल्या ट्रकवर उलटे ठेवलेले सोफे होते. दुसऱ्यावर कपाटं, गालिच्यांच्या गुंडाळ्या, एक मोठा आरसा. जनावरांसाठी कबूल केलेल्या गाड्यांत साहेबांच्या खात्याचा नदीकाठचा डाक बंगला रिकामा होत होता.

मी वायरलेस सेटवर गेलो.

"कंट्रोल, जनावरांच्या गाड्या कुठे आहेत? ओव्हर."

"दुसरा कॉन्व्हॉय कॅन्सल. ओव्हर."

"कुणी कॅन्सल केला? ओव्हर."

"सिव्हिलनं. सकाळी बघू म्हणतात. ओव्हर."

"सकाळपर्यंत पाणी थांबेल का? ओव्हर."

थोडी खरखर. मग, "वेट. आउट."

मी हेडफोन खाली ठेवला. काशिनाथ दारात उभा होता. त्याच्या हातात खेचरांच्या दोऱ्या कापायचे दोन सुरे होते.

"आपल्या तोंडानं बांधलेत," तो म्हणाला. "मी एकटा जातो. तुम्ही सेटवर बसा."

"लान्स नायक बिरादार," मी म्हणालो, "वरची गल्ली माझी, खालची तुझी. मोठी जनावरं खाली आहेत, तुला आवरतात. शिट्टी ऐकली की असशील तिथून वर यायचं. समजलं?"

"हाव, उस्ताद."

हुकूम मी दिला. तो स्पष्ट लिहून ठेवतो, कारण पुढं त्याच्यावर बरंच बोलणं झालं.

पायवाटेनं आम्ही पळत उतरलो. दार उघडायचं, दोरी कापायची, पाठीवर थाप, पुढचं घर. शेळ्या आधी निघाल्या. तट्टं त्यांच्या मागं. कोणत्याही जनावराला दिशा दाखवावी लागली नाही. सगळी सरळ डोंगराकडे वळली. ते मी पाहिलं आणि मला त्या साहेबाचं हसणं आठवलं. रस्त्याकडे एकही गेलं नाही.

खालच्या गल्लीतून केसाळ बैल एकामागून एक बाहेर पडताना दिसत होते. काशिनाथ त्यांना देवणीच्या भाषेत हाकलत होता आणि ते ऐकत होते. माझी गल्ली संपली. तेवढ्यात वरून, बांधाच्या बाजूकडून, ट्रक रिकामा करताना दगड पडतात तसा आवाज आला. तो थांबला नाही. मी शिट्टी मारली. पुन्हा मारली.

काशिनाथ शेवटच्या घरापाशी होता. आमाचं घर. काळा कुत्रा दोरीला नव्हता, साखळीला होता. सुऱ्याचा उपयोग नव्हता. तो गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी खुंटा हलवत होता.

"काशिनाथ! सोड ते! वर ये!"

त्यानं एक हात वर केला. थांबा, असा. मग तो हात परत खुंट्याकडे गेला.

पाणी पाण्यासारखं आलं नाही. मातीची भिंत आली. खालची गल्ली गेली, नंतर वरच्या गल्लीचा निम्मा भाग. मी उतारावर होतो.

तिसऱ्या दिवशी तो बराच खाली सापडला. तो लिंगायत. त्यांच्यात जाळत नाहीत, बसवून माती देतात. मी मेजरसाहेबांना ते सांगितलं. पोस्टच्या वरच्या अंगाला आम्ही जागा धरली. गावातल्या पुरुषांनी कुदळी घेतल्या आणि आम्हाला हात लावू दिला नाही. मी त्याच्या गळ्यातलं लिंग त्याच्या तळहातावर ठेवलं. त्याला बसवलं, तोंड दक्षिणेला केलं. ते रिवाजात बसतं की नाही मला माहीत नाही. मराठवाडा त्या बाजूला होता.

चौकशी बसली. साहेबांनी लेखी जबाब दिला की जनावरं बांधून ठेवा असं त्यांनी कुणाला सांगितलेलं नाही, आणि संबंधित जवान मनाई असलेल्या भागात स्वतःच्या मर्जीनं गेला. शब्द सगळे शुद्ध होते. मेजरसाहेबांनी खरं ते सांगितलं. मग मला बोलावलं.

"लान्स नायक बिरादार कोणाच्या हुकुमानं खाली गेला?"

"माझ्या, सर."

"तुम्हाला तसा हुकूम होता?"

"नाही, सर."

"हवालदार, विचार करून बोला. यात तुमचंच नुकसान आहे. तो आपल्या मर्जीनं गेला असं असू शकतं."

"विचार करूनच बोलतोय, सर. माझ्या हुकुमानं गेला. ड्यूटीवर गेला."

ड्यूटीवर मृत्यू, अशी नोंद झाली. माझी बढती तिथंच थांबली, त्याची तक्रार नाही. तक्रार वेगळी आहे. सगळ्या चौकशीत त्या सोफ्यांबद्दल कुणी एक प्रश्न विचारला नाही. मी दोनदा सांगितलं. दोनदा उत्तर मिळालं की तो या चौकशीचा विषय नाही.

त्याची ट्रंक घेऊन मी देवणीला गेलो. नांदेडहून उदगीर, उदगीरहून देवणी. दोन्ही बाजूंना शेतं उघडी पडलेली. आप्पा घरी नव्हते. गावाबाहेर जनावरांची छावणी होती, तिथं गाईंजवळ राहत होते. बातमी त्यांना कळलेली होती. त्यांनी पोत्याची घडी पुढं सरकवली.

"बसा, हवालदारसायब. पाणी घ्या."

पाणी गाईंच्या वाट्यातलं होतं. मी घोटभर घेतलं.

"जाळलं का माती दिली?"

"माती दिली, आप्पा. बसवून."

"कुनी खांदलं?"

"तिथल्या गावानं."

त्यांनी मान हलवली. शेजारी एक बाई उसाच्या वाढ्याचे तुकडे करत होती, ती थांबली होती. आप्पांनी तिला हातानंच काम चालू ठेव म्हणून सांगितलं.

"जनावरं सुटली?"

"सुटली. एक कुत्रं राहिलं. साखळीला होतं."

"हां."

बराच वेळ ते गाईच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, बरगड्या मोजता येतील अशी. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "बांधा म्हणला त्यो सायब. त्याच्या दारात कधी जनावर व्हतं का?"

"मला ठाऊक नाही, आप्पा."

"नसंल," ते म्हणाले. "मानूस तरी कुठं व्हतं त्याच्या दारात."

पुढं कितीतरी वर्षांनी त्या खोऱ्यात नोकरी करून आलेला एक जवान मला नांदेडच्या स्टँडवर भेटला. गाव वरच्या अंगाला नव्यानं वसलं आहे, म्हणाला. आमा गेली. पुराची नुसती हूल उठली तरी लोक आधी दावी सोडतात. पोलीस असो, तहसीलदार असो, फौजी असो, बांधून ठेवा म्हणणाऱ्याला दारात उभं करत नाहीत.

बरं करतात. आम्हालाही करू नये. फक्त पोस्टच्या वर एक लान्स नायक बसलेला आहे, काशिनाथ बिरादार, मुक्काम देवणी. त्यानं बांधा म्हणून सांगितलं, आणि सोडायलाही तोच आला.