मास्तरांसाठी लावलेला कौल

मालवणच्या दक्षिणेस, खाडी आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवर मच्छीमारांची एक वाडी होती. एकोणीसशे पन्नासच्या दशकाच्या उत्तरार्धात मी तेथील एकशिक्षकी शाळेवर होतो. शाळेला इमारत नव्हती. देवीच्या सभामंडपात वर्ग भरत आणि मंडपालगतची खोली मला राहावयास दिलेली होती. पाठशाळेत व्याकरण आणि स्तोत्रे शिकून आलेल्या मला प्रारंभी तेथील बोलीही नीट उमगत नसे. परंतु देवीच्या दृष्टीसमोर शिकवावयाचे, या भावनेने मन स्थिर होई. किनाऱ्यावर रापणीचे थोरले जाळे ओढण्याची हाक आली की अर्धी शाळा दोर धरावयास धावे. मी कोणास अडवीत नसे. मुले ओल्या अंगाने परतली की राहिलेला पाठ तिसऱ्या प्रहरी पुरा करीत असू.

गावी, सह्याद्रीच्या पायथ्याशी, माझी आई एकटी होती. वडिलांच्या पश्चात घर, गोठा आणि देवपूजा हे सारे तिच्यावरच होते. तिची दृष्टी मंदावली होती आणि विहिरीचा पोहरा तिला ओढवेनासा झाला होता. “आता जवळ ये,” एवढेच तिने एका सुटीत म्हटले. मी गावाजवळच्या शाळेसाठी अर्ज केला. यथावकाश बदलीचा हुकूम आला.

वाडीला ही वार्ता कळली तेव्हा सर्वांचे चेहरे उतरले. त्याचे कारण मला ठाऊक होते. माझ्या आधीचे शिक्षक गेल्यावर दीर्घकाळ दुसरे कोणी आले नव्हते, आणि त्या अवधीत पाटी सोडून होडीवर गेलेली मुले पुन्हा शाळेत परतली नव्हती. माझ्या जागी येण्यास या वेळीही कोणी राजी नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडपात मुलांऐवजी त्यांचे वडीलच बसलेले दिसले. गुरवाने देवीच्या मूर्तीवर उजवीकडे आणि डावीकडे ओल्या पाकळ्या लावल्या होत्या. उजवी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. कौल माझ्याविषयीचा आहे, हे तोवर मला कोणी सांगितलेले नव्हते. रापणीचा म्होरक्या असलेला प्रौढ तांडेल हात जोडून उभा राहिला.

“गे आई माऊली, ह्या मास्तरान आमच्या पोरांका वळण लावल्यान. तो गेलो तर पोरां परत दर्यार जातली. तो हयसरच रवाचो असात तर उजवो कौल दी गे माये.”

“व्हय म्हाराजा,” सारे एकमुखाने म्हणाले.

पाकळी हलेना. मागून कोणीतरी पुटपुटले, “देवीक पण इचार करूक होयो. मास्तर मासे खाणा नाय.” दबके हसू पसरले. तेवढ्यात उजवीकडची पाकळी अलगद सुटून खाली आली.

माझे हात आपसूक जोडले गेले, पण डोळ्यांपुढे आई उभी राहिली. तांडेल आनंदाने माझ्याकडे वळला आणि माझा चेहरा पाहून थबकला.

“काय झाला मास्तरांनू?”

“घरी आई एकटी आहे. तिच्यासाठीच मी बदली मागितली होती.”

तांडेलाने जीभ चावली. “तुमची आवस आसा ता आमका म्हायतच नाय. देवीक सगळा सांगलांव आणि ताच सांगूचा ऱ्हवला.” मग गुरवाकडे वळून म्हणाला, “परत लाव रे पाकळ्यो.”

मी त्यास थांबविले. आम्ही सांगितले तेवढेच देवीला ठाऊक असते, असे मानण्यास माझे मन धजेना. मी म्हणालो, “कौल झाला. आता मी आईला विचारून येतो.” ती नको म्हणाली असती तर मी काय केले असते, हे मला आजही सांगता येत नाही.

आईने सारे शांतपणे ऐकून घेतले. वाती वळणारे तिचे बोट तेवढे थांबले.

“तिथली देवी म्हणजे आपल्या ग्रामदेवाची धाकटी बहीण ना रे?”

“तसे मानतात खरे.”

“मग धाकटीने हट्ट धरला, तर थोरल्याने मोडायचा कसा?” तिने वात पुन्हा वळावयास घेतली. “मला एकटीला इथे राहवत नाही, आणि तुला तिथून निघवत नाही. राहता राहिले देव्हाऱ्यातले देव. ते काही जड नाहीत. मी येते तिकडे. पण माशांच्या वासाचे काय करायचे, ते तू बघ.”

गाय चुलत्यांकडे सोपवून आणि ग्रामदेवापुढे नारळ ठेवून आम्ही निघालो. बदली रद्द करून घेण्यासाठी वाटेत कचेरीत गेलो, तर साहेबांना कारण ऐकून हसू आले. पण त्यांनी ती लगेच रद्द केली.

खाडी ओलांडून होडी वाडीच्या काठाला लागली तेव्हा ओहोटी होती. गुडघाभर पाण्यात उतरावे लागणार होते. तांडेल पुढे झाला. आईच्या मांडीवर देवांची लाकडी पेटी होती. सोवळ्यावाचून त्या पेटीस तिने कधी कोणाला हात लावू दिला नव्हता. तिने पाण्याकडे पाहिले, माझ्या दोन्ही खांद्यांवरच्या बोचक्यांकडे पाहिले, आणि पेटी तांडेलापुढे धरली.

तो मागे सरला. “आजये, माझे हात माशांचे गो.”

“दिसते मला तेवढे. पेटी भिजवू नकोस म्हणजे झाले.”

त्याने ती मस्तकावर घेतली आणि खोलीपर्यंत नेली. कोठे ठेवावी हे आई दाखवीपर्यंत तो ती तशीच धरून उभा राहिला. आईने प्रथम देवांना पंचामृताचे स्नान घातले. तेवढे केल्यावाचून तिला राहवले नाही. तांडेल ते उंबऱ्याबाहेरून पाहत होता. त्यास कारण कळले असावे, कारण तो मिशीत हसत होता.

पूजा आटोपल्यावर आईने तीर्थाची पळी भरली आणि माझ्याआधी त्याला हाक मारली. “ये रे. ओझे तू वाहिलेस.”

त्याने हात धोतराला पुसले आणि ओंजळ पुढे केली.