पुठ्ठ्याची काळीपिवळी

कुंभिवलीत महामार्गाच्या वरच्या अंगाला, चढावर धाऊचं घर आहे. ओट्यावर बसलं की खालचा रस्ता दिसतो, पण ज्या वळणावर त्याची जीप उभी असायची ते वळण शेजारच्या जांभळीआड जातं. एरवी त्याचं काही वाटलं नसतं. पायऱ्या उतरून गेलं की झालं. पण ज्येष्ठात खुब्याचं हाड मोडलं, आत सळई बसली, आणि डॉक्टरांनी सांगितलं की पावसाळा सरेपर्यंत पायऱ्यांचं नाव काढायचं नाही. तेव्हापासून ते वळण धाऊसाठी दुसऱ्या तालुक्यात गेलं.

पडला तोही जीपवरूनच. जीप काही वर्षं जागेवर उभी होती. तिचं वय संपलं होतं, रस्त्यावर काढायची मुभा नव्हती. तरी दर पावसाआधी तो टपावर चढून तिला ताडपत्री बांधायचा. यंदा दोरी ओढता ओढता पाय निसटला.

बघायला येणाऱ्या प्रत्येकाला त्याची बायको सोनुबाई हे सांगायचीच. "जिनं खाली आपटलं, तिलाच पांघरून घालत व्हते. आता तुमीच सांगा, अशा मानसाला काय म्हनायचं?"

धाऊ भिंतीकडे तोंड करून हसायचा. हसलं की खुबा दुखायचा.

ती काळीपिवळी जीप त्याने खोपोली ते कर्जत चालवली, मिसरूड फुटल्यापासून केस पिकेपर्यंत. जीप भरल्याशिवाय हलायची नाही, आणि भरली म्हणजे किती, याचं उत्तर दर खेपेला वेगळं असायचं. शेवटचा उतारू ड्रायव्हरच्या उजव्या हाताला बसायचा. मग धाऊ मधोमध सरकायचा आणि गिअर टाकण्याआधी शेजारच्याला म्हणायचा, "दादा, गुडघा जरा तिकडं." साजगावच्या कारखान्यातले पाळीवाले, कॉलेजच्या मुली, भेंडी-काकडीच्या टोपल्या, कधी एखादी अवघडलेली पोर आणि तिची घाबरलेली आई, सगळे त्या जीपमध्ये एकमेकांच्या मांडीला मांडी लावून गेले. उतरल्यावर बरेचसे वळून बघायचे नाहीत. गाडीकडे वळून कोण बघतं? पण धाऊ बघायचा. रात्री जीप लावली की चार पावलं जाऊन एकदा मागे बघायचा, आणि मगच घराच्या पायऱ्या चढायचा.

त्याची मुलगी हर्षला कर्जतला औषधांच्या दुकानात काम करते. बाप दिवसभर छताकडे बघत पडलेला तिला सोसेना. एका संध्याकाळी तिने त्याच्या पुढ्यात एक खोका ठेवला. वर लाल परदेशी मोटारीचं चित्र.

"ह्यात गाडी हाय?"

"गाडीचे तुकडे हायत. जोडायचे तू."

आत प्लॅस्टिकच्या चौकटींना बारीक बारीक तुकडे लटकले होते, वेलीला शेंगा लागाव्यात तसे. धाऊने ते नेलकटरने सोडवले, कानशीने कडा घासल्या, सुईच्या टोकाने डिंक लावला. पहिल्यांदा बंपर उलटा बसला. तो त्याने वाफेवर धरून सोडवला आणि पुन्हा लावला. इंजिनाचा तुकडा त्याच्या अंगठ्याच्या नखाएवढा होता, पण त्यावर नळ्या होत्या, पट्टा होता, सगळं होतं. बॉनेट लावायच्या आधी त्याने ते इंजिन सोनुबाईला बोलावून दाखवलं.

"हे आता झाकनार ना?" तिने विचारलं.

"झाकनार."

"मंग केलं कशाला एवढं?"

"आत हाय ते आपल्याला ठाव पायजे."

खोक्यावर एकास चोवीस असं लिहिलं होतं. त्याचा अर्थ हर्षलाने समजावला : खऱ्या गाडीचं चोवीस बोटं लांब जे असेल, ते इथे एक बोट. सगळीकडे तोच हिशेब. दाराला एक आणि चाकाला दुसरा असं चालत नाही. धाऊला ते पटकन पटलं. गाडी झाली तेव्हा चकचकीत दिसत होती. दोन दिवस त्याने ती उशाशी ठेवली. मग म्हणाला, "बेस हाय. पन हिच्यात कोन बसलंवतं, ते मला ठाव नाय. आपल्या जीपचा असा खोका मिळंल का गं?"

हर्षलाने फोनवर शोधलं. जगातल्या कुठल्या कुठल्या गाड्या सापडल्या, खोपोली-कर्जतची काळीपिवळी सापडली नाही.

"नाय मिळत, बाबा."

"मंग आपन करू."

हे त्याने ज्या आवाजात म्हटलं, त्या आवाजात तो पूर्वी चढावर अडलेल्या जीपमधल्या लोकांना सांगायचा, बसून राहा, उतरू नका. हर्षलाने औषधांचे रिकामे पुठ्ठे आणायला सुरुवात केली. जीपचे फोटो होतेच, पण फोटोत जीप दिसत होती, मापं दिसत नव्हती. त्याला जीपसारखी कुठलीतरी जीप नको होती. त्याला ती हवी होती, पुढे नाक किती आणि मागे पाठ किती, तंतोतंत. ठरलं असं की रविवारी हर्षलाने टेप घेऊन वळणावर जायचं आणि एकेक माप आणायचं.

रविवार आलाच नाही. त्याआधीच वळणावरची जागा ज्याने विकत घेतली होती त्याचा निरोप आला, की कुंपणाचं काम काढलंय, गाडी हलवा. धाऊने हो म्हटलं. दुसऱ्याची जागा, काय म्हणणार? भंगारवाल्याला सोमवारचं सांगितलं होतं, पण तो दुसऱ्याच दिवशी क्रेन घेऊन हजर झाला. हर्षला कर्जतला होती. सोनुबाई मात्र खाली रस्त्याच्या कडेला काकड्या आणि कंटोळी घेऊन बसली होती. तिने धाऊला फोन लावला.

"अवो, ते आलेत न्यायला. साखळ्या लावतायत."

धाऊ खाटेवर उठून बसला. वॉकर हाताशी होता. दारापर्यंत गेला, ओट्यावर गेला, पहिल्या पायरीशी थांबला. पायरीवर शेवाळ होतं. फोन अजून कानाला होता.

"सोने, टेप हाय का त्यांच्याकडं?"

"टेप नाय. सुतळी पन नाय. काय करू सांगा लवकर."

"वीत घाल. पुढच्या बंपरपासून मागच्यापर्यंत. लवकर घाल."

फोन स्पीकरवर टाकून, पदर खोचून ती जीपच्या अंगाला हात लावून चालू लागली. अंगठा, करंगळी, अंगठा, करंगळी. धाऊला फक्त तिचा मोजणारा आवाज ऐकू येत होता आणि मागे क्रेनचं इंजिन. त्याने ओट्यावर बसकण मारली आणि खडूने फरशीवर आकडे लिहीत गेला. लांबी झाली, रुंदी झाली, दाराची उंची झाली, काचेची झाली.

"मावशी, गाडीला पोलकं शिवताय का?" भंगारवाल्याचा माणूस म्हणाला.

"शिवीन नायतर झबलं घालीन. तू साखळी धर अन् गप ऱ्हा," सोनुबाई म्हणाली. मग फोनमध्ये, "चाकं ऱ्हायली. चाकं मोजू?"

"चाक नको. स्टेपनी घरी हाय, ओट्यावर. टप घे, टप."

टप तिच्या हाताला पोचेना, म्हणून ती काकडीच्या क्रेटवर चढली. टपाचे आकडे सांगून झाले, तसा क्रेनचा आवाज वाढला आणि हळूहळू लांब गेला. ती म्हणाली, "गेली." आणि थोड्या वेळाने, "मागं बघितलं मी. तुमच्या वतीनं."

त्याच संध्याकाळी धाऊने हिशेब ठरवला. एका वितीला एक पेर. मोठ्या जीपवर जिथे एक वीत, तिथे पुठ्ठ्यावर बोटाचं एक पेर. त्याने स्वतःच्या मधल्या बोटाचं मधलं पेर पट्टीवर उतरवून घेतलं आणि त्या पट्टीने सगळी जीप कापली. चाकांसाठी ओट्यावरच्या स्टेपनीवर स्वतः वीत घातली, आणि तेवढ्या पेरांची चाकं जुन्या चपलेच्या तळातून कोरली. सायकलच्या तारा वाकवून टपावरचं कॅरियर केलं. दिव्यांच्या काचांसाठी गोळ्यांच्या पाकिटावरचे पारदर्शक फुगे वापरले, त्यासाठी कधी नव्हे ते औषध वेळेवर घेतलं. फार वेळ बसलं की खुब्यातून कळ निघायची. मग तो आडवा व्हायचा, छताकडे बघत पुढचा तुकडा मनात कापायचा, आणि कळ ओसरली की उठून तसाच कापायचा. श्रावण बाहेर गळत होता. डिंक वाळायला वेळ लागत होता, म्हणून तो चुलीजवळ तुकडे मांडायचा आणि सोनुबाई भाताचं पातेलं उतरवताना ते ओलांडायची.

अंग तयार झालं, चाकं लागली. धाऊने जीप पाटावर ठेवली आणि हाक मारली. सोनुबाई ओले हात पुसत आली. बघत राहिली.

"ही आपली नाय," ती म्हणाली.

"नाय कशी? तूच मोजलीस."

"मोजली मी. पन ही आपली नाय. ही कुनाची तरी हाय. पोट बगा हिचं. अन् पाय बगा, दुसऱ्याच्या चपला घातल्यावानी."

तिचं खरं होतं. त्यालाही दिसत होतं. अवाढव्य अंगाखाली चाकं कशीतरीच, बारकी. त्याने स्टेपनी पुन्हा मोजली. बरोबर होती. पुठ्ठा पुन्हा मोजला. फरशीवरच्या आकड्यांशी जुळत होता. म्हणजे आकडेच चुकले.

"घाईत मोजलंस तू. कुठंतरी दोनदा वीत पडली."

सोनुबाईचा चेहरा बदलला. "आवनीला दोन रोपांत किती अंतर ठेवायचं ते ह्या हाताला डोळे मिटून कळतं. दोनदा पडंल माझी वीत? क्रेटवर चढून मोजली. ती मानसं दात काढत व्हती अन् मी मोजत व्हते."

ती आत गेली. धाऊ पाटासमोर बसून राहिला. आता पुन्हा मोजायला जीप नव्हती. ती कुठे कापली गेली असेल, तिचे पत्रे कोणत्या ढिगात असतील, कोण जाणे. आकडे खोटे तर जीपही गेली. उरली ती ही फुगलेली कोणाची तरी. हर्षला म्हणाली, "बाबा, अंदाजानं जरा बारीक करून घे ना. कोनाला कळतंय?"

"मला कळंल," धाऊ म्हणाला. "अन् तिलापन."

त्या दिवशी सोनुबाईने जेवायला वाढलं, पण बोलली नाही. ताटात तांदळाची भाकरी होती. तिची भाकरी नेहमी एकाच मापाची असते आणि थापताना उठलेले बोटांचे ठसे भाजल्यावरही पुसट दिसतात. धाऊने तुकडा मोडायला हात पुढे केला आणि तो तसाच भाकरीवर राहिला. त्याचा पंजा ठशांच्या पलीकडे सांडत होता. त्याने बोटं ताणली. अंगठा भाकरीच्या एका कडेला, करंगळी दुसऱ्या कडेच्याही बाहेर.

"हर्षला," तो म्हणाला, "आईला बोलव."

"ती रुसलीय."

"रुसू दे. हात घेऊन ये म्हनावं."

सोनुबाई दारात आली. "काय हाय?"

"हात दे."

"आता? पोरीदेखत?"

हर्षला ठसका लागेपर्यंत हसली. धाऊने बायकोचा हात आपल्या हातावर ठेवला, तळवा तळव्याला लावून. तिची बोटं त्याच्या शेवटच्या पेरांपर्यंतही पोचत नव्हती. इतकी वर्षं तो हात त्याने पाहिला होता, वाढताना, तिकिटाचे सुटे पैसे मोजून देताना, खुबा चोळताना. पण मापाने पाहिला नव्हता.

"वीत तुझी आन् पेर माझं," तो म्हणाला. "कुठनं जुळंल?"

सोनुबाईला कळायला क्षणभर लागला. मग ती ओठ दाबून म्हणाली, "म्हंजी मी चुकले नव्हते."

"नव्हतीस."

"मोठ्यानं बोला. चुलीला पन ऐकू जाऊ दे."

"नव्हतीस गं बाये, मी चुकलो."

तिच्या वितीला तिचंच पेर. त्याने तिचं मधलं बोट पट्टीवर धरायला लावलं आणि सांध्यापाशी दोन रेघा ओढल्या. चाकं त्याच्या वितीची, त्याच्या पेराची. ती तशीच राहिली. बाकी सगळी जीप त्याने मोडीत काढली.

"पुन्हा पयल्यापासून?" हर्षलाने विचारलं.

"पयल्यापासून. पुठ्ठे आन."

दुसऱ्यांदा हात सरावला होता, पण घाई त्याने केली नाही. दारं कापली, आतली बाकडी बसवली. ड्रायव्हरची सीट उजवीकडे लांबवली, चौथा माणूस मावेल अशी. बॉनेटखाली इंजिनही केलं, कोणी उघडणार नव्हतं तरी. काळा आणि पिवळा रंग दोन हात दिला. गोळ्यांच्या फुग्यांचे दिवे पुठ्ठ्याच्या पहिल्या जीपवरून अलगद काढून नवीला लावले. मग चाकं बसवताना मागच्या डाव्या बाजूला पुठ्ठ्याची एक घडी कमी घातली.

गौरी-गणपतीच्या तोंडावर जीप पुरी झाली. पाऊस विश्रांती घेत होता, पायऱ्यांवर ऊन आलं होतं. धाऊने ती ओट्यावर स्टेपनीवर ठेवली आणि कोणाला हाक मारली नाही. सोनुबाई काकड्यांची टोपली डोक्यावर घेऊन निघाली होती. पहिल्या पायरीवर थांबली, वळली. टोपली उतरवून खाली ठेवली आणि जीपच्या उंचीला डोळा आणत उकिडवी बसली.

बराच वेळ तिने बघितलं. मग बोट लावलं.

"मागनं डावीकडं बसलीय जरा."

"बसनारच," धाऊ म्हणाला. "तिथं कोन बसायचं टोपली घेऊन?"

ती हसली नाही. हात पुढे करून तिने दाराची पुठ्ठ्याची कडी चिमटीत धरली, जशी खरी कडी धरून ती रोज चढायची, आणि सोडली.

"आपलीच हाय," ती म्हणाली.

टोपली पुन्हा डोक्यावर घेऊन ती पायऱ्या उतरली. जांभळीपाशी पोचल्यावर तिने एकदा मागे वळून पाहिलं. संध्याकाळी परत आल्यावर, मोडीत काढलेल्या पहिल्या जीपचं ते फुगलेलं अंग तिने कोपऱ्यातून उचललं, झटकलं, आणि त्यात लसूण भरून चुलीच्या वरच्या फळीवर ठेवलं. धाऊ खाटेवर बसून नव्या पुठ्ठ्यावर रेघ ओढत होता. साजगावच्या पाळीवाल्यांना नेणारा टेंपो त्याला आता करायचा होता, आणि तो अजून रोज रस्त्यावरून जातो.

"सोने," तो म्हणाला, "उद्या खाली बसशील तेव्हा तो टेंपो थांबंल. वीत घालून ये."