एका वेळी एकच

विद्यार्थ्याच्या कॉम्प्युटरजवळ आले की माने सर दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहायचे. कीबोर्डला बोट लावायचं नाही म्हणजे नाही! मी नागपूरहून बंगळुरूला शिकायला आलेली, तोंडाने फटकळ. शेवटच्या वर्षी प्रत्येकाने एकट्याने प्रोजेक्ट करायचा होता आणि सर माझे गाईड. पहिल्यांदा अडले तेव्हा म्हटलं, "सर, तुम्हीच बघा ना एकदा." म्हणाले, "माझे हात कुठवर पुरणार गं तुला? स्वल्प थांब. काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, ते आधी सांग."

सरांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच, त्यामुळे बोलता बोलता कानडी शब्द यायचे; घर सर्जापूर रोडच्या टॉवरांमागच्या गल्लीत. मूलबाळ नव्हतं. त्यांच्या बायकोला आम्ही सगळे अक्का म्हणायचो. रविवारी त्या आम्हाला चित्रान्न वाढायच्या, पण स्वतः कधी टेकायच्या नाहीत. "बस गं स्वल्प," सर म्हणायचे. "सरी, सरी," म्हणजे बरं, बरं, असं म्हणत अक्का पुन्हा ओट्याशी.

येणाऱ्या बसचा नंबर अंध माणसाला मोठ्याने सांगणारं ॲप, हा माझा प्रोजेक्ट. ते बेधडक चुकीचे नंबर सांगायचं. वैतागून मी दिसेल ते बदललं आणि काय आश्चर्य, चालायला लागलं! मी नाचतच सरांकडे गेले.

"का चाललं?"

"काय माहीत सर! चाललं ना पण!"

"मग ते तुझं नव्हे. सगळं होतं तसं कर. एका वेळी एकच बदलायचं. बदलायचं, बघायचं, मगच पुढचं."

अंगाचा तिळपापड झाला माझ्या. रडले, शिव्या घातल्या, पण केलं. चूक शेवटी सापडली, तेव्हा सर फक्त "सरी" म्हणाले. त्यानंतर नोकरीत मी कुणाला "तुम्हीच बघा" म्हटलं नाही.

गेल्या वर्षी सरांना अर्धांगवायूचा झटका आला. वाचा गेली, उजवी बाजू गेली. भेटायला गेले तर ते डाव्या हाताने पलंग आपटत होते, घशातून नुसता आवाज. अक्का पंखा, उशी, पाणी, पडदा, सगळं एकदम करत होत्या. "काय हवंय तेच कळत नाही गं," म्हणाल्या. "दिवसभर असंच. काहीतरी सांगायचंय यांना, आणि मला मेलीला कळत नाही."

"अक्का, थांबा. एका वेळी एकच करू."

पंखा बंद केला. हात आपटणं चालूच. पंखा पुन्हा लावला, मग उशी काढून बघितली. मग पाणी, मग पडदा. कशानेच काही होईना. मला रडू फुटायला आलं. मग लक्षात आलं, सर यातलं काहीच बघत नव्हते. त्यांची नजर अक्कांच्या मागे मागे फिरत होती.

"अक्का, तुम्ही जरा बसा."

"मी? माझं काय मेलं..."

"बसा हो!"

अक्का खुर्चीत बसल्या. हात थांबला. त्यांना खरं वाटेना, म्हणून उठल्या, तर हात पुन्हा सुरू. बसल्या, पुन्हा थांबला. अक्कांनी पदर तोंडाला लावला. सर माझ्याकडे बघत होते.

पंधरवड्यातच सर गेले. मी पोचले तेव्हा घर माणसांनी भरलं होतं आणि अक्का ओट्याशी उभ्या राहून सगळ्यांसाठी कॉफी गाळत होत्या.

"अक्का, बसा ना स्वल्प."

त्यांनी रिकाम्या पलंगाकडे पाहिलं.

"आता उभी राहिले तरी कोण हात आपटणार आहे गं?"