लोहगडावर नेलेली वाळूची पिशवी

पौषात लोहगड पाहायचा हे आमच्या आक्काने अंथरुणावर पडल्या पडल्या ठरवलं होतं. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. पावसाळ्यात तिला विषमज्वर झाला, दिवाळीच्या सुमारास ती उठून हिंडूफिरू लागली, पण हाताची बोटं काही पूर्वीसारखी झाली नाहीत. जरा गारठा पडला की पांढरीफटक पडत आणि बधिर होत. चहाचा पेलासुद्धा धरवत नसे. अशा बाईने ऐन थंडीत गड चढायचा म्हटल्यावर घरात जे व्हायचं ते झालं. आई म्हणाली, "चैत्रात जा." आक्का म्हणाली, "चैत्रात गड करपलेला असतो. मला दवातला बघायचाय." मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवते. प्रवासाला नाही म्हणणं माझ्या धर्मात बसत नाही, तेव्हा सोबत म्हणून माझी नेमणूक झाली.

डॉक्टरांनी तोडगा सांगितला रबरी पिशवीचा. तिच्यात कढत पाणी भरायचं, बूच घट्ट लावायचं आणि हात तिच्यावर ठेवायचे. पुण्याहून सकाळच्या गाडीने निघालो. बायकांच्या डब्यात थंडीच्या दिवसांत जागा मिळते, मात्र खिडकीच्या फटींतून वारं असं येतं की कानाला रुमाल हवाच. आक्काने पिशवी शालीखाली घेतलेली. समोर तळेगावला चढलेली एक बाई बराच वेळ त्या फुगवट्याकडे बघत होती.

"काय ओ बाई, कोंबडी हाय का पदराखाली?"

"नाही हो, गरम पाणी आहे. हात शेकायला."

"मंग चुलीपाशीच बसायचं की! गाडीत कशाला आलाव?"

सगळा डबा हसला, आक्काही हसली. कामशेत मागे पडतंय तोच बूच निसटलं आणि पिशवीने आक्काच्या मांडीवर राम म्हटला. पाणी एव्हाना कोमट झालं होतं म्हणून भिजण्यावर निभावलं. माझ्या मैत्रिणींनो, रबरी पिशवीचं कौतुक तुम्ही कितीही ऐकलं असलं तरी प्रवासात ती नेऊ नका. घरात, गादीवर, तिचं ठीक आहे.

लोणावळ्याला आमचा मामेभाऊ दत्तू आहे. वलवणच्या धरणाच्या कचेरीत त्याची नोकरी, तिथेच बिऱ्हाड. स्टेशनावर टांगे मिळतात, भाडं मात्र बसण्याआधी ठरवा. दत्तूची बायको सुशीलावहिनी म्हणजे आदरातिथ्यात कुणाला हार न जाणारी. आम्ही पायावर पाणी घेतो न घेतो तोच पुढ्यात थालीपीठ आणि लोण्याचा गोळा. नव्या आंबेमोहोराचा भात रात्री शिजला तेव्हा त्याचा वास पार अंगणापर्यंत आला.

पण त्याआधी, उतरत्या उन्हात आम्ही बाजारात गेलो होतो. गुडदाणी, म्हणजे इथली चिक्की, घ्यायची होती. तिथे इमामभाऊंचं फुटाण्याचं दुकान लागलं. मोठ्या कढईत काळी वाळू तापवलेली, तिच्यात चणे पडत होते आणि झाऱ्याच्या एका फेरीत तडतडून फुलत होते. आक्का फुटाणे घ्यायच्या निमित्ताने भट्टीपाशी गेली ती तिथेच हात पसरून उभी राहिली. इमामभाऊ साठीच्या पुढचे, बोलायला तोलूनमापून. त्यांनी तिची बोटं पाहिली आणि आत वळून हाक मारली, "मा, हिकडं बग जरा."

आतल्या ओट्यावर त्यांची आई बसली होती. अगदी म्हातारी, नजर जवळजवळ गेलेली. तिच्या मांडीवर जाड मांजरपाटाची, दुहेरी शिवलेली एक पिशवी होती. तिने चाचपडत आक्काचे हात धरले आणि पिशवीवर ठेवून वरून आपले दाबले. थोड्या वेळाने आक्काच्या बोटांत रंग आला. मी पाहिलंय म्हणून सांगते.

मग कळलं की हा इथला रिवाजच आहे. घाटातून जाणारे गाडीवान, फाटकावरचे रेल्वेवाले पहाटे इमामभाऊंकडे येतात. ते कढईतली तापलेली वाळू पिशव्यांत भरून देतात, माणसं त्या पोटाशी धरून कामावर जातात आणि संध्याकाळी गार झालेल्या पिशव्या परत आणतात. दुसऱ्या दिवशी तीच वाळू पुन्हा तापते. मी एक पिशवी मागितली.

"आज एकबी न्हाई, बाई. समद्या गाडीवानांनी नेल्यात. आता उद्या सांजंला येतील."

आम्ही तर पहाटेच निघणार होतो. आक्काचा चेहरा उतरला. म्हातारीला दिसलं नसेल, पण तिला कळलं.

"माजी द्ये त्यांना."

"मा, तुजी?" इमामभाऊंचा झारा थांबला. "रातीला तुला झोप लागायची न्हाई."

"दोन राती चुलीपाशी काढीन. पोरीचे हात बग की, बरफ झाल्यात."

इमामभाऊंनी आईच्या मांडीवरून ती उचलली. पिशवी मात्र त्यांनी माझ्या हातात लगेच दिली नाही. "हिच्यातली वाळू भट्टीतली न्हाई," ते म्हणाले. "माच्या माहेरची हाय. श्रीवर्धनाकडची."

म्हातारी हसली. "लगीन झालं तवा घाट चढून आले मी, पायी. आई म्हनली, वर लय गारठा असतुया. दर्याकाठच्या पुळनीवरची वाळू बांधून दिली फडक्यात. फिरून कदी जानं झालंच न्हाई. आई गेली, भाऊ गेलं. ही तेवडी हाय." मी पिशवीचं तोंड जरा उघडून वाळू पाहिली. भट्टीतल्या वाळूसारखी काळी नव्हती. फिकी, बारीक, मधेमधे शिंपल्याचा चुरा. भाडं विचारलं तर त्या म्हाताऱ्या मावशी म्हणाल्या, "परवा जाताना आनून द्या, झालं."

दुसऱ्या दिवशी पहाटे इमामभाऊंनी ती वाळू वेगळ्या लहान कढईत तापवून दिली. भट्टीतला एक कण तिच्यात जाऊ दिला नाही. गाडीने मळवलीला उतरलो. तिथून भाज्यापर्यंत शेतांमधून पायवाट आहे, भात निघालेली खाचरं दोन्ही बाजूंना, वाट चुकायची सोय नाही. भाज्यात एक आबा वाट दाखवायला मिळाले. तोवर पिशवी निवत आलेली, म्हणून त्यांच्याच घरी चुलीवर तवा ठेवून वाळू पुन्हा तापवली. त्यांची सून तोंडाला पदर लावून बघत होती. शेवटी न राहवून तिने विचारलंच, "वाळू भाजताय व्हय? आन् चनं कुटं हायती?"

ज्यांना हा उपाय करायचा आहे त्यांच्यासाठी: पिशवी गच्च भरू नका, निम्मी मोकळी ठेवा म्हणजे हाताच्या आकाराने बसते. वाळू कोरडीठाक हवी. अंगाला लावण्याआधी मनगटाच्या मागच्या बाजूला लावून पाहा. शालीखाली धरली तर चढण संपेपर्यंत ऊब पुरते.

गायमुखाच्या खिंडीपर्यंत चढ अंगावर येतो, पुढे पायऱ्या आणि एकामागून एक दरवाजे. आक्का बसत, उठत, पण एकदाही परत फिरू म्हणाली नाही. महादरवाजातून वर आलो तेव्हा ऊन नुकतंच पठारावर उतरत होतं आणि गवताच्या प्रत्येक काडीवर दव होतं. दर्ग्यापाशी क्षणभर थांबलो. पलीकडे पवनेचं खोरं, त्याच्या कडेला तुंग आणि तिकोना, आणि समोर विंचूकाट्याची सोंड पुढे गेलेली. मी भूगोलाच्या तासाला हे सगळं फळ्यावर काढते, पण फळ्यावर वारा नसतो.

आक्काने एक संत्रं काढलं. मी सोलायला हात पुढे केला तर म्हणाली, "नको, बघू." पिशवीवरून हात उचलले आणि तिने ते स्वतः सोललं. आषाढानंतर तिने बोटांनी केलेलं हे पहिलं बारीक काम. एकेक फोड मला दिली, आबांना दिली. आबा म्हणाले, "लय ग्वाड हाय." संत्रं आंबट होतं. आक्का मात्र इतकी खूश होती की मला रडू आवरेना, आणि ते मी वाऱ्यावर ढकललं.

रात्री वलवणला पोचलो ते पाय ओढत. पिशवी ओसरीवर ठेवली आणि वहिनीला एवढंच सांगितलं की ही बाजारातल्या इमामभाऊंची, उद्या परत द्यायची आहे. वाळूची गोष्ट सांगायचं त्राण कुणाच्यातच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने परतायचं होतं. वहिनीने पिशवी तयार ठेवली होती, काजळी धुऊन स्वच्छ केलेली, तोंडाशी नवा टाका घातलेला. वजन तेवढंच वाटलं. टांग्याने बाजारात उतरलो आणि आक्काने ती स्वतःच्या हाताने मावशींच्या मांडीवर ठेवली.

मावशींनी ती दाबली. पुन्हा दाबली. मग नाकाशी नेली.

"हे तांदूळ हाईत," त्या म्हणाल्या. "वाळू कुटाय?"

मला क्षणात सगळं समजलं. दुसऱ्याचं भांडं किंवा पिशवी रिकामी परत करायची नाही, ही आमच्या घराघरातली रीत. वहिनीच्या लेखी वाळू म्हणजे काही भरलेलं नव्हेच. तिने वाळू काढली, पिशवी धुऊन शेगडीपाशी वाळवली आणि घरातला सगळ्यात चांगला, नवा आंबेमोहोर तिच्यात भरला.

तसेच उलट्या टांग्याने वलवणला गेलो. गाडी चुकणार हे दिसत होतं. वहिनी मागच्या दारी होती, मोरीजवळ तांब्याचा हंडा आणि घंगाळ उन्हात पालथे घातलेले, नव्यासारखे लखलखत.

"वाळू? अगं, किती छान बारीक होती. भांडी घासायला ठेवली. आज सकाळीच सगळी तांब्याची भांडी काढली की." आमचे चेहरे पाहून तिचा आवाज खाली गेला. "का गं? काय झालं?"

सांगितल्यावर ती मोरीकडे वळून वाकून पाहू लागली. मोरीचं पाणी केळीच्या आळ्यात जात होतं आणि तिथे चिखलाशिवाय काही दिसत नव्हतं. करवंटीत राखेत कालवलेली थोडी उरली होती. आक्काने आळ्यात हात घातला. गार चिखलात तिची बोटं पांढरी पडत गेली तरी ती उपसत राहिली, शेवटी दत्तूने तिला धरून उठवलं. वहिनी रडत म्हणत होती, "मी चांगलंच करायला गेले हो."

करवंटी घेऊन पुन्हा दुकानात गेलो. इमामभाऊंनी पितळी परातीत पाणी घेतलं, राख वर आली, ती ओतून दिली, असं बऱ्याच वेळा केलं. तळाशी राहिली ती मूठभर. त्यांनी ती फडक्यावर कोरडी करून आईच्या तळहातावर ठेवली. आक्का ओट्याखाली बसली होती. तिने सगळं सांगितलं, वहिनीचं नावसुद्धा न घेता. मावशींनी ऐकून घेतलं.

"तिनं रीत पाळली," त्या म्हणाल्या. "आमच्यातबी रिकामं देत न्हाईत. मी असते तर म्याबी तेच केलं असतं." मग मूठ बोटांनी चाळत थोडं हसल्या. "एवढ्यात माजा एक गुडगाबी शेकायचा न्हाई."

इमामभाऊ कढईकडे तोंड करून उभे होते. आक्का घाईघाईने म्हणाली, "मावशी, मी श्रीवर्धनहून वाळू मागवते. त्याच पुळणीवरची. आमच्या ओळखीचे लोक जातात तिकडे. तुमची ही पिशवी भरून आणून देते."

मावशींनी वाळूची मूठ मिटली. "आन की," त्या म्हणाल्या. "वाळू चांगलीच असंल ती. पन ती तुज्यासंगं येईल, पोरी. ही माज्यासंगं आलती."

मग त्यांनीच आक्काचे हात हातात घेतले, चिखलाने गारठलेले, आणि म्हणाल्या, "पुन्ना बरफ केलंस व्हय?" तांदूळ त्यांनी ठेवून घेतले, अन्नाला नाही म्हणू नये म्हणून. आम्ही निघताना इमामभाऊंनी फुटाण्यांची पुडी आमच्या हातात कोंबली. ती नाकारायची सोय नव्हती.

संध्याकाळच्या गाडीला गर्दी होती. पुण्यापर्यंत फुटाण्यांची पुडी आक्काच्या मांडीवर तशीच बांधलेली राहिली.

लोहगड थंडीत जरूर पाहा. मळवलीची पहाटेची गाडी पकडा, भाज्यात वाटाड्या घ्या, वर पाण्याची टाकी आहेत पण सोबत घरचं पाणी असू द्या. उबेसाठी वाळूची पिशवी न्या, रबरी नको, आणि ती शक्यतो आपल्या घरची असू द्या. कुणी विचारलं तर मी सांगते की त्या दिवशीसारखा गड मी पुन्हा पाहिला नाही. ते खरं आहे. पण त्या दवाची आठवण काढली की मला मोरीजवळचा तो लखलखता हंडाच आधी दिसतो. श्रीवर्धनची वाळू आली, आम्ही ती पोचवली, मावशींनी मांडीवर घेतली आणि आशीर्वाद दिला. इमामभाऊ म्हणाले, बरी तापते.

परवा शेजारच्या काकूंची लोणच्याची बरणी परत द्यायची होती. तळाशी त्यांचं जुनं तेल थोडं राहिलेलं. आई ती घासायला टाकणार तोच आक्काने बरणी उचलली आणि पहाटेच्या गारठ्यात तशीच शेजारी विचारायला गेली. काकूंचं हसणं आम्हाला भिंतीपलीकडून ऐकू आलं. "अगं वेडे, तेल ते! टाकून दे की." आक्का परत आली, बोटं पांढरी झालेली. आईने विचारलं, "काय म्हणाल्या?"

"टाकून दे म्हणाल्या," आक्का म्हणाली, आणि बरणी दोन्ही हातांनी धरून तशीच उभी राहिली. तिला ते टाकवेना.