दादाला मिळालेली बाय

“पहिल्याच राउंडला बाय भेटली!”

दादा फोनवर मित्राला एवढंच म्हणाला, आणि कोळंबी सोलता सोलता आत्याचा हात थांबला.

जिल्हा फुटबॉल संघटनेची स्पर्धा होती. पहिल्या फेरीच्या चिठ्ठ्यांत दादाच्या टीमसमोर कुणीच आलं नाही, म्हणून ती न खेळताच पुढे गेली. याला फुटबॉलमध्ये ‘बाय’ म्हणतात. आमच्या आगरी बोलीत बाय म्हणजे मुलगी! आणि आत्या आयुष्यात फुटबॉल खेळलेली नाही.

“कुठची हाय र?” आत्याने हळूच विचारलं.

“अजून फिक्स नाय,” मॅचचाच विचार करत दादा म्हणाला. “उरणची, नायतर कळंबोलीची.”

“दोन-दोन?”

“त्या आधी एकमेकींशी भिडतील ना! जिंकेल ती आपल्याला.”

आत्याने कोळंबीचं ताट बाजूला सारलं. “मंग कवा?”

“रविवारी. खांदेश्वरच्या ग्राउंडवर.”

“ग्राउंडवर? चारचौघांत?”

“मग काय घरात?”

हा गोंधळ घरात फक्त मला कळत होता. (आणि घरात सगळ्यात कमी बोलणारी मीच. शाळेत माझी हजेरीसुद्धा मैत्रीण द्यायची.) तरी धीर करून म्हटलं, “आत्ते, बाय म्हणजे... मधलं काही करायचं नाही, डायरेक्ट पुढे जायचं.”

आत्याने कोळंबीच्या हातांनीच कान झाकले. “साकरपुरा नाय, हलद नाय, आनि डायरेक्ट पुढं? तुमच्या इंग्लिश शालेत हेच शिकवतान काय ग?”

मी उरलेली कोळंबी सोलायला घेतली. बोलण्यापेक्षा ते मला छान जमतं.

रविवारी आत्या टेम्पो करून मैदानावर हजर! सोबत चार काकू, नारळ, पेढे आणि हिरवी साडी. उरणची टीम जिंकून आली होती. दादा गोलकीपर. इतक्या वर्षांत दुसरी फेरी त्याने पहिल्यांदाच पाहिली होती, तीही बायच्या कृपेने. स्कोअर बरोबरीत, खेळ संपत आलेला, आणि आत्या ओटीचं ताट घेऊन थेट गोलपोस्टमध्ये!

“कुठं हाय र उरनची?”

“ही काय समोर!” बॉलवरची नजर न हलवता दादा ओरडला.

समोर अकरा दाढीवाले.

आत्याने एकेकाला नीट न्याहाळलं. मग गोल लाइनवर मांडी ठोकली. “मना फसवतस? सून बघल्याशिवाय मी हलनार नाय!”

रेफरीने शिट्टी फुंकली. “ओ मावशी, मैदान खाली करा! नायतर मॅच उरणला देऊन टाकीन!”

“दे! मना काय करायची हाय मॅच?”

दादाने ग्लोव्हजसकट हात जोडले. “आत्ते, पाया पडतो, ऊठ ना!” काकूंनी तिला दोन्ही बाजूंनी ओढून पाहिलं. आत्या जागची हलेना. उरणची पोरं आताच एकमेकांना टाळ्या देऊ लागली. रेफरी घड्याळाकडे बघू लागला आणि दादा माझ्याकडे. त्याचे डोळे भरले होते.

मी मैदानाच्या कडेला उभी होते. ‘बाय’चा अर्थ पुन्हा समजावण्यात काहीच अर्थ नव्हता. मी डोळे मिटले आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले,

“आत्ते, ऊठ! दादाचं राहू दे, माझं जमव! या अकरांतला कुठलाही चालेल!”