अकराव्या फॉर्मवरचा अंगठा

आजऱ्यातल्या त्या गल्लीतले माझे सगळे फॉर्म पूर्ण भरलेले होते. एकही चौकट रिकामी नव्हती, आणि मला त्याचा अभिमान वाटत होता. आमच्या घरात कॉलेजात पोचलेली मीच पहिली. एखादी चूक झाली तर ही कॉलेजातली नव्हेच हे सगळ्यांना कळेल, अशी भीती सतत असायची. रेशन दुकानात अंगठ्याचं मशीन आल्यापासून लोकांना धान्य नीट मिळतं का, हा आमच्या अभ्यासाचा विषय होता.

कोल्हापुरात कॉलेजच्या आमच्या विभागात बसून मी ती माहिती संगणकात भरत होते. अकराव्या फॉर्मवर थांबले. काजू फोडणाऱ्या एका मावशींचा तो फॉर्म. सही येत नाही म्हणाल्या, म्हणून संमतीच्या ओळीखाली मी त्यांचा अंगठा घेतला होता. बाकीच्या अंगठ्यांत बारीक रेघा होत्या. इथे नुसता निळा डाग होता, शाईचा थेंब सांडून वाळल्यासारखा. काजूच्या टरफलाचा चीक कातडी जाळतो, हे मला माहीत होतं. तो अंगठा मीच धरून कागदावर दाबला होता. आणि वर, 'गेल्या महिन्यात रेशन मिळाले का?' यापुढे 'होय'वर माझीच खूण.

ज्या अंगठ्याला रेघच नाही, तो मशीनवर उठला कसा?

"सर, इथं 'नाही' करू का?" अभ्यास बघणाऱ्या सरांना मी विचारलं.

"इथं बसून उत्तर बदलायचं नसतं," सर म्हणाले. "शंका असेल तर परत जा."

तीन दिवस मी गेले नाही. तास आहेत, असं स्वतःला सांगत राहिले. पण पाण्याच्या पेल्यावर, मोबाइलच्या काचेवर माझा अंगठा उमटलेला दिसला की मी त्यातल्या रेघा बघत बसायचे.

चौथ्या दिवशी एसटीनं गेले. मावशी दारातच तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"काय गं, कागुद हरवला व्हय?"

"मावशी, रेशन दुकानातनं मिळालं होतं का?"

"दुकानातनं? सा म्हयनं झालं, अंगठा उठतोय कुठं!"

"पण तुम्ही मिळालं म्हणाला होता."

"मिळालं की. गल्लीतल्या बाया आपलं रेशन आणलं की मापटं मापटं घालत्यात माझ्या डब्यात. त्येला न्हाय कसं म्हणू?"

"आन् तांदूळ जाड हाय म्हणून नावं ठेवतीस ती!" शेजारीण पलीकडून ओरडली.

मी नवा फॉर्म काढून 'नाही'वर खूण केली. नियमाप्रमाणे संमतीचा मजकूर पुन्हा वाचला. या अभ्यासात भाग घेतल्याने आपणास कोणताही प्रत्यक्ष लाभ मिळणार नाही. पहिल्या वेळी तो मी भरभर वाचून टाकला होता. या वेळी मावशी हात थांबवून ऐकत होत्या.

"म्हंजी आता बी रेशन मिळायचं न्हाय?"

"हे फक्त अभ्यासासाठी आहे, मावशी."

"मग परत कशाला आलीस गं पोरी?"

शाईची डबी माझ्या हातात उघडी होती. शेवटी त्यांनीच अंगठा पुढे केला. मी तो धरला, दाबला. पुन्हा तसाच निळा डाग.

पदराला अंगठा पुसत त्या म्हणाल्या, "ह्यो तुमास्नी चालतोय न्हवं?"

आम्हाला तो चालतो.